बॅकअपची डिस्क वारंवार भरते : कारणे कशी शोधावीत आणि क्षमतेचे गणित कसे मांडावे

व्यवसायाच्या डेटाचा रात्रीचा बॅकअप काही महिने सुरळीत चालतो आणि एके सकाळी अहवालात ‘जागा अपुरी असल्याने काम अयशस्वी’ अशी नोंद दिसते. घाईघाईने जुन्या काही फाइल काढल्या जातात किंवा एखादी जादा डिस्क जोडली जाते, बॅकअप पुन्हा सुरू होतो आणि थोड्याच आठवड्यांत तीच नोंद परत येते. हे चक्र थांबत नाही, कारण जागा नेमकी कशाने संपली हे दोन्ही वेळा कोणी मोजलेले नसते. शिवाय बहुतेक ठिकाणी मुळातला अंदाजच ‘डेटा बारा टेराबाइट आहे, दुप्पट जागा घेतली की झाले’ अशा ठोकताळ्यावर उभा असतो. मूळ डेटाचा आकार या हिशेबात सुरुवातीपुरताच उपयोगी पडतो. रोज किती डेटा बदलतो, किती प्रती किती काळ राखायच्या आहेत आणि त्या प्रतींची साखळी सॉफ्टवेअरला कधी मोडता येते, या तीन गोष्टींवर बॅकअपची जागा ठरते.

काहीही पुसण्यापूर्वी

डिस्क भरली की फाइल मॅनेजर उघडून सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी फाइल पुसण्याचा मोह होतो. तो टाळावा. इन्क्रिमेंटल (म्हणजे रोज फक्त बदललेला डेटा घेण्याच्या) पद्धतीत प्रत्येक दिवसाची फाइल तिच्या आधीच्या फाइलवर अवलंबून असते आणि सर्वांत जुनी, सर्वांत मोठी फाइल म्हणजे बहुधा ज्यावर पुढचा सगळा आठवडा उभा आहे तो फुल बॅकअपच, म्हणजे संपूर्ण डेटाची प्रतच, असतो. तो गेला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सर्व प्रती निरुपयोगी ठरतात. सॉफ्टवेअरच्या सूचीत मात्र त्या जशाच्या तशा दिसत राहतात आणि खरा प्रकार रिस्टोअर करण्याच्या, म्हणजे प्रतीतून डेटा परत मिळवण्याच्या, दिवशी कळतो. शिवाय हाताने पुसलेल्या फाइलची दखल बॅकअपचे सॉफ्टवेअर घेईलच असे नाही. ओरॅकल डेटाबेसच्या रिकव्हरी एरियामधील (बॅकअपसाठी राखलेल्या जागेतील) आर्काइव्ह लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या फाइल, थेट डिस्कवरून काढले, तर डिस्कवर जागा मोकळी दिसते, परंतु डेटाबेसच्या हिशेबात ती वापरलेलीच राहते आणि ‘ओआरए-१९८०९’ ही मर्यादा ओलांडल्याची त्रुटी कायम राहते. आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनातून क्रॉसचेक (नोंदी आणि प्रत्यक्ष फाइल यांची पडताळणी) करून कालबाह्य नोंदी काढल्यावरच तो हिशेब सुधारतो. म्हणून प्रती नेहमी बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधूनच काढाव्यात.

दुसरी काळजी अधिक गंभीर आहे. इन्क्रिमेंटल बॅकअपचा आकार हळूहळू न वाढता एका रात्रीत अनेक पटींनी वाढला असेल, तर प्रथम रॅन्समवेअरची (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची) शक्यता तपासावी. रॅन्समवेअर फाइल एन्क्रिप्ट करते, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ब्लॉक (डिस्कवरील डेटाचा छोटा तुकडा) बदलतो आणि बदललेला डेटा कॉम्प्रेसही होत नाही. त्यामुळे एरवी छोटा असणारा रोजचा बॅकअप फुल बॅकअपच्या आकाराकडे झुकतो. अशा वेळी जागा करण्यासाठी जुन्या प्रती काढणे म्हणजे वाचलेला एकमेव चांगला डेटा आपल्याच हाताने नष्ट करणे होय. आकारवाढीचे निरुपद्रवी कारण सापडेपर्यंत पुसण्याचे काम थांबवावे आणि रिटेन्शनची (प्रती किती काळ राखायच्या या नियमाची) आपोआप चालणारी सफाईही तात्पुरती बंद ठेवावी.

डिस्क खरोखर भरली आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. उत्पादक १ टेराबाइट म्हणजे १०चा १२वा घात इतके बाइट धरतात, तर विंडोज त्याच नावाखाली २चा ४०वा घात मोजते. त्यामुळे १० टेराबाइटची डिस्क तेथे ९.०९ इतकीच दिसते. खरेदीच्या कागदावरील आकडा आणि बॅकअप सॉफ्टवेअरमधील आकडा यांत पडणारी ही सुमारे नऊ टक्क्यांची तफावत मोठ्या साठवणुकीत एका अख्ख्या डिस्कएवढी भरते. लिनक्सवरील ईएक्सटी-४ फाइल सिस्टिम मूळ मांडणीत ५ टक्के ब्लॉक रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ज्या व्हॉल्यूमवर (साठवणुकीच्या स्वतंत्र भागावर) फक्त बॅकअप आहेत आणि ऑपरेटिंग सिस्टिम नाही, तेथे हे प्रमाण कमी करता येते.

कधी जागा असते, पण आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइल वा निर्देशिकेसाठी लागणाऱ्या मर्यादित संख्येच्या नोंदी, संपलेले असतात. हार्ड लिंकचा (एकाच फाइलला अनेक नावे देण्याच्या सोयीचा) वापर करून रोजची स्वतंत्र निर्देशिका तयार करणाऱ्या, आरसिंक या फाइल-कॉपी साधनावर आधारित बॅकअपमध्ये लक्षावधी छोट्या फाइल जमा होतात आणि डिस्क ६० टक्केच भरलेली असताना ‘जागा नाही’ असा संदेश येतो. वापरलेल्या जागेबरोबर वापरलेल्या आयनोडचीही टक्केवारी पाहिल्यास हे एका क्षणात उघड होते. फाइल पुसूनही जागा परत आली नसेल, तर ती फाइल एखाद्या चालू प्रक्रियेने उघडी ठेवलेली आहे का, हे पाहावे; ती प्रक्रिया बंद होईपर्यंत ब्लॉक मोकळे होत नाहीत.

नेटवर्क स्टोरेज उपकरणांवर आणखी एक प्रकार हमखास आढळतो. बॅकअपच्या व्हॉल्यूमवरच उपकरणाचे स्वतःचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) किंवा रिसायकल बिन चालू असते. बॅकअप सॉफ्टवेअर जुन्या प्रती नियमाने काढत असते आणि उपकरण त्या तितक्याच नियमाने स्नॅपशॉटमध्ये जपून ठेवत असते. चुकीने किंवा हल्लेखोराने केलेल्या नाशापासून संरक्षण म्हणून असे स्नॅपशॉट उपयोगी आहेत, परंतु मग त्यांची जागा गणितात धरलेली असली पाहिजे. विंडोजवर शॅडो कॉपीसाठी (विंडोजच्या स्वतःच्या स्नॅपशॉटसाठी) राखलेल्या जागेचीही हीच गोष्ट आहे. डिडुप्लिकेशन करणाऱ्या, म्हणजे एकसारखे तुकडे एकदाच साठवणाऱ्या, उपकरणांत तर प्रत काढणे आणि जागा मोकळी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत: प्रत काढल्यावर तिचे तुकडे अन्य कोणत्याही प्रतीत वापरात नाहीत याची खात्री करणारी सफाई चालावी लागते आणि ती अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदाच ठरलेली असते. थिन प्रोव्हिजनिंग असलेल्या (म्हणजे प्रत्यक्ष गरज पडेल तशीच जागा देणाऱ्या) स्टोरेजमध्ये मोकळे झालेले ब्लॉक खालच्या पूलला (सामायिक साठ्याला) परत कळवले जात नसतील, तर व्हॉल्यूम रिकामा आणि पूल भरलेला अशी विसंगती निर्माण होते.

सफाई चालतच नाही

वारंवार उद्भवणाऱ्या समस्येत हे कारण मी सर्वांत आधी तपासावे असे सुचवेन, कारण येथे अडचण स्वतःलाच पोसते. अनेक बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये जुन्या प्रती काढण्याचे काम बॅकअप यशस्वीपणे पूर्ण झाल्यानंतर चालते. डिस्क भरली म्हणून बॅकअप अयशस्वी होतो, बॅकअप अयशस्वी झाला म्हणून सफाई होत नाही आणि सफाई झाली नाही म्हणून डिस्क भरलेलीच राहते. ही कोंडी फोडण्यासाठी सॉफ्टवेअरमधूनच एक संपूर्ण जुनी साखळी काढावी लागते. तत्त्वतः रिटेन्शनचे नियम बरोबर असूनही हे घडते, कारण नियम ‘नवी प्रत आली की जुनी जाईल’ असे असतात. याचा अर्थ नवी प्रत सामावण्याइतकी जागा जुनी प्रत जाण्यापूर्वीच असायला हवी.

याच्याच जोडीला मालक नसलेल्या प्रती असतात. जॉबचे (ठरवून दिलेल्या बॅकअपच्या कामाचे) नाव बदलले, नवा जॉब तयार करून जुना बंद केला, एखादे व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी सर्व्हर) सेवेतून काढले, तर त्यांच्या प्रतींवर कोणताच चालू जॉब लागू होत नाही आणि त्या वर्षानुवर्षे पडून राहतात. काही प्रती अपरिवर्तनीय म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत कुलूपबंद ठेवलेल्या असतात. त्या काढता येत नाहीत आणि येऊही नयेत, परंतु साखळीतील शेवटच्या प्रतीचे कुलूप उघडेपर्यंत तिचा आधार असलेला फुल बॅकअपही ठेवावा लागतो, ही गोष्ट नियोजनात सुटून जाते.

साखळीचे गणित

आता मुख्य मुद्दा. समजा, संरक्षित करायचा डेटा १२ टेराबाइट आहे, कॉम्प्रेशननंतर एक फुल बॅकअप ६ टेराबाइटचा होतो, रोज ४ टक्के डेटा बदलतो आणि तोही कॉम्प्रेशनने निम्मा होतो, म्हणजे रोजचा इन्क्रिमेंटल ०.२४ टेराबाइटचा आहे. गरज ३० रिस्टोअर पॉइंटची, म्हणजे ज्यांच्या स्थितीला परत जाता येईल अशा ३० दिवसांच्या प्रतींची, आहे. बहुतेक जण येथे एक फुल आणि २९ इन्क्रिमेंटल असा हिशेब करतात: ६ अधिक ६.९६, म्हणजे सुमारे १३ टेराबाइट. मग २४ टेराबाइटचा व्हॉल्यूम घेतला जातो आणि निम्मी जागा शिल्लक राहील अशी समजूत होते.

परंतु जॉबमध्ये दर रविवारी फुल बॅकअप ठरलेला असतो. आठवड्याची साखळी म्हणजे एक फुल आणि सहा इन्क्रिमेंटल. या साखळीतला फुल काढला तर सहा इन्क्रिमेंटल बाद होतात, म्हणून सॉफ्टवेअर साखळी अर्धवट तोडत नाही; ती पूर्ण साखळी काढूनही ३० पॉइंट शिल्लक राहणार असतील तेव्हाच काढते. सर्वांत जुन्या साखळीनंतर चार पूर्ण साखळ्या म्हणजे २८ पॉइंट आणि चालू साखळीतले दोन, असे ३० भरतात त्या क्षणापर्यंत ती सर्वांत जुनी साखळीही डिस्कवरच असते. त्या रात्री डिस्कवर ३७ पॉइंट असतात: सहा फुल आणि ३१ इन्क्रिमेंटल. सहा फुलचे ३६ आणि ३१ इन्क्रिमेंटलचे ७.४४, एकूण सुमारे ४३.४ टेराबाइट. तेराचा अंदाज आणि त्रेचाळीसची गरज, हा फरक डेटा वाढल्यामुळे पडलेला नाही. तो पूर्णपणे वेळापत्रकातून आलेला आहे. २४ टेराबाइटचा व्हॉल्यूम तीन फुल बॅकअप आणि त्यांचे इन्क्रिमेंटल घेऊन चौथ्या रविवारी अडखळतो, आणि तो नेहमी रविवारी रात्रीच का भरतो याचे उत्तरही येथेच मिळते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, फाइल सिस्टिमच्या ब्लॉक क्लोनिंगचा (एकच ब्लॉक अनेक फाइलनी वाटून घेण्याचा). विंडोजवरील आरईएफएस किंवा लिनक्सवरील रिफ्लिंक सुविधा असलेली एक्सएफएस वापरल्यास आणि बॅकअप सॉफ्टवेअरला ती वापरता येत असल्यास, सिंथेटिक फुल बॅकअप (मूळ डेटा पुन्हा न वाचता आधीच्या प्रतींतून जोडलेला फुल) नव्याने न लिहिता आधीच असलेल्या ब्लॉककडे निर्देश करून तयार होतो. मग पहिल्या फुलचे ६ आणि उरलेल्या ३६ पॉइंटमधील बदलांचे ८.६, म्हणजे सुमारे १५ टेराबाइटमध्ये तेच ३७ पॉइंट मावतात. मात्र ही बचत त्या एका व्हॉल्यूमपुरतीच खरी असते. त्याच फाइल दुसऱ्या व्हॉल्यूमवर साध्या पद्धतीने हलवल्या किंवा टेपवर लिहिल्या, तर प्रत्येक फुल पुन्हा पूर्ण आकार धारण करतो. नव्या स्टोरेजवर स्थलांतर करताना ‘१५ टेराबाइट हलवायचे आहेत’ असे धरून चालणाऱ्यांची येथे फसगत होते. शिवाय सगळे फुल एकाच ब्लॉकवर उभे असल्याने तो ब्लॉक खराब झाल्यास सगळेच बाधित होतात, म्हणून दुसरी स्वतंत्र प्रत येथे अधिकच आवश्यक ठरते.

दुसरा मार्ग फुल बॅकअपची वारंवारता कमी करण्याचा आहे. दर ३० दिवसांनी एकच फुल घेतला, तर सर्वांत वाईट रात्री दोन फुल आणि ५८ इन्क्रिमेंटल, म्हणजे सुमारे २६ टेराबाइट लागतात. त्याची किंमत लांब साखळीच्या रूपाने द्यावी लागते: महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे रिस्टोअर तीस फाइलवर अवलंबून राहते, ते सावकाश चालते आणि मधली एक फाइल दूषित निघाली तर पुढचे सगळे दिवस जातात. साखळीची नियमित अखंडता-तपासणी होत नसेल, तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

दीर्घकालीन प्रतींचा हिशेब वेगळा मांडावा. आजोबा-वडील-मुलगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत १२ मासिक आणि ७ वार्षिक प्रती ठेवायच्या ठरल्या, तर क्लोनिंग नसताना १९ फुल म्हणजे ११४ टेराबाइट होतात. एकदोन प्रती दोन्ही गटांत मोजल्या गेल्यामुळे थोडी सूट मिळते इतकेच. रोजच्या प्रतींना लागणाऱ्या जागेच्या हे अडीच पटींहून अधिक आहे. ‘सात वर्षे ठेवा’ असे बैठकीत एका वाक्यात ठरते. सात वर्षे नेमके काय ठेवायचे, सगळी व्हर्च्युअल मशीन की फक्त हिशेबाचा डेटाबेस, हे त्याच बैठकीत विचारून घेतले पाहिजे.

रोजचा बदल अपेक्षेपेक्षा मोठा का असतो

वरील गणितातला ४ टक्क्यांचा आकडा गृहीत धरू नये, मोजावा. किमान एका पूर्ण महिन्याच्या इन्क्रिमेंटल फाइलचे आकार दिवसानुसार लिहून काढावेत, म्हणजे सरासरीबरोबर उंचवटेही दिसतात. मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अद्ययावतीकरण महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. त्यानंतरच्या दिवसांत पन्नास व्हर्च्युअल मशीनवर तेच अपडेट बसले, तर पन्नास इन्क्रिमेंटल एकदम फुगतात. महिनाअखेरचे हिशेब आणि तिमाहीचे बंद होणे यांचाही ठसा तेथे उमटलेला असतो.

उंचवटे आठवड्याच्या ठरावीक दिवशी येत असतील, तर डेटाबेसची देखभाल पाहावी. इंडेक्स पुन्हा बांधण्याचे काम मजकुरात काहीही बदल न करता मोठ्या प्रमाणात ब्लॉक नव्याने लिहिते आणि सोबत तितकाच ट्रॅन्झॅक्शन लॉगही तयार करते. ब्लॉक पातळीवरील बॅकअपला हा सारा बदललेला डेटाच दिसतो. सगळे इंडेक्स दर आठवड्याला बांधण्याऐवजी जे खरोखर विस्कळीत झाले आहेत तेवढेच बांधले, तर बॅकअपचा आकार लक्षणीय घटतो. व्हर्च्युअल मशीनच्या आत चालणारे डिस्क डीफ्रॅगमेंटेशन हाच परिणाम घडवते. सर्व्हर अनपेक्षितपणे बंद पडल्यावर बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवणारी यंत्रणा अविश्वसनीय ठरून नव्याने सुरू होते, तेव्हा एखादा बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो. तो वेळ जास्त घेतो.

सर्वांत जास्त जागा वाया घालवणारे आणि सर्वांत कमी लक्षात येणारे कारण मात्र दुहेरी बॅकअपचे आहे. डेटाबेस सांभाळणारे लोक आपल्या खात्रीसाठी रोज रात्री डेटाबेसचा कॉम्प्रेस केलेला डंप (सगळ्या मजकुराची एका फाइलमधील प्रत) त्याच सर्व्हरच्या डिस्कवर काढतात आणि सात दिवसांचे डंप ठेवतात. सर्व्हर सांभाळणारे लोक त्या संपूर्ण मशीनचा बॅकअप घेतात. दोघांचेही काम आपापल्या जागी योग्य आहे. परंतु रोजचा डंप हा प्रत्येक वेळी नव्या ब्लॉकवर लिहिलेला, आधीच कॉम्प्रेस झालेला, आदल्या दिवसाशी ब्लॉक पातळीवर फारसे साम्य नसलेला डेटा असतो. डेटाबेसमध्ये दिवसभरात एक टक्का बदल झाला असला, तरी ३०० गिगाबाइटचा डंप पूर्ण ३०० गिगाबाइटने इन्क्रिमेंटलमध्ये उतरतो आणि त्यावर कॉम्प्रेशन वा डिडुप्लिकेशन काहीच करू शकत नाही. डंपची डिस्क मशीनच्या बॅकअपमधून वगळून डंप थेट बॅकअपच्या साठवणुकीत पाठवणे, किंवा डंप बंद करून डेटाबेसची जाण असलेला बॅकअप घेणे, यांपैकी एक निवडावे. डंप तिथेच ठेवणे अपरिहार्य असेल, तर तो कॉम्प्रेस न करता लिहावा, म्हणजे पुढच्या टप्प्यावरील कॉम्प्रेशन आणि डिडुप्लिकेशन यांना काम करता येते.

लॉगचा स्वतंत्र उल्लेख करावा लागेल. एसक्यूएल सर्व्हरमधील डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (लॉगचा बॅकअप होईपर्यंत तो जपून ठेवणाऱ्या मांडणीत) असेल आणि लॉगचा बॅकअप कोणी घेत नसेल, तर लॉग फाइल वाढतच जाते आणि तिच्यासह मशीनचा बॅकअपही. पोस्टग्रेसमध्ये वापरात नसलेला एखादा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवण्यासाठीची नोंद) तसाच राहिला, तर जुन्या वॉल फाइल (बदलांचे लॉग) काढल्या जात नाहीत. अशा ठिकाणी दुरुस्ती डेटाबेसमध्ये करायची असते. बॅकअपच्या डिस्कवर केवळ परिणाम दिसतो.

डिडुप्लिकेशनचे आश्वासन

विक्रीपत्रकात २० पट बचतीचा आकडा असतो आणि नियोजनात तो जसाच्या तसा वापरला जातो. ती बचत एकाच डेटाचे अनेक फुल बॅकअप ठेवल्यावर दिसणारी असते. ज्याने मुळातच इन्क्रिमेंटल पद्धत आणि ब्लॉक क्लोनिंग स्वीकारले आहे, त्याच्याकडे काढून टाकण्याजोगी पुनरावृत्ती फारशी उरलेली नसते. छायाचित्रे, व्हिडिओ, स्कॅन केलेले दस्तऐवज आणि झिप फाइल आधीच कॉम्प्रेस झालेल्या असतात. एन्क्रिप्शन जर डिडुप्लिकेशनच्या आधी होत असेल, तर समान डेटाही असमान दिसतो आणि बचत जवळजवळ शून्यावर येते, म्हणून क्रम आधी डिडुप्लिकेशन, मग कॉम्प्रेशन, मग एन्क्रिप्शन असाच हवा. सुरक्षेच्या कारणाने एखाद्या विभागाने मूळ सर्व्हरवरच एन्क्रिप्शन सुरू केले आणि त्याच आठवड्यापासून बॅकअपची डिस्क भरू लागली, तर कारण शोधायला दूर जावे लागत नाही.

टेपवरही हाच भ्रम छापलेला असतो. एलटीओ-९ टेपची खरी क्षमता १८ टेराबाइट आहे. वेष्टनावरील ४५ टेराबाइटचा आकडा डेटा अडीच पट कॉम्प्रेस होईल असे धरून काढलेला आहे. बॅकअप सॉफ्टवेअरने आधीच कॉम्प्रेस केलेल्या फाइल त्यावर जाणार असतील, तर १८ हाच आकडा धरावा.

क्लाउडमध्ये जागा संपत नाही, बिल वाढते

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे क्लाउडमधल्या भाड्याच्या साठवणुकीत, ‘डिस्क भरली’ असा संदेश येत नाही, म्हणून तीच समस्या तेथे वाढत्या बिलाच्या रूपात दिसते. व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय) सुरू असलेल्या बकेटमध्ये (तेथील साठवणुकीच्या कप्प्यात) पुसलेल्या ऑब्जेक्टवर फक्त पुसल्याची खूण लागते आणि जुनी आवृत्ती जागा धरून राहते. जुन्या आवृत्त्या किती दिवसांनी काढायच्या याचा नियम वेगळा लिहावा लागतो. तुकड्यातुकड्यांनी पाठवताना मध्येच तुटलेल्या अपलोडचे तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, तरी त्यांचेही पैसे लागतात. ॲमेझॉनच्या ग्लेशियर फ्लेक्झिबल रिट्रीव्हल वर्गात किमान ९० दिवसांचे आणि डीप आर्काइव्ह वर्गात १८० दिवसांचे शुल्क आकारले जाते, त्यामुळे ३० दिवसांत काढायच्या प्रती तेथे पाठवल्यास स्वस्त वर्ग महाग पडतो.

खरेदीचा आकडा कसा काढावा

वरील उदाहरण पुढे नेऊन ब्लॉक क्लोनिंग नसलेल्या व्यवस्थेचा हिशेब करू. आजची गरज ४३.४ टेराबाइट आहे. दीर्घकालीन प्रती टेपवर जाणार आहेत असे धरू. डेटा दरवर्षी २० टक्क्यांनी वाढत असेल, तर तीन वर्षांनी तो १.७२८ पट होतो, म्हणजे ७५ टेराबाइट. व्हॉल्यूम ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू द्यायचा नाही असे ठरवले, तर ९४ टेराबाइट उपयोगी क्षमता लागते. ही उरलेली जागा चैनीची नसते: सिंथेटिक फुल तयार करताना किंवा फाइल आटोपशीर करताना एका फुल बॅकअपएवढी तात्पुरती जागा लागते, आणि झेडएफएससारख्या कॉपी-ऑन-राइट (प्रत्येक बदल नव्या जागी लिहिणाऱ्या) फाइल सिस्टिम काठोकाठ भरल्या की मंदावतात.

रेड-६ रचनेत (दोन डिस्क बिघडल्या तरी डेटा वाचवणाऱ्या मांडणीत) १६ टेराबाइटच्या डिस्क वापरायच्या, तर दोन डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे डेटा पुन्हा उभा करण्याच्या माहितीला, जाते. आठ डिस्कमधून ९६ टेराबाइट मिळतात आणि ९४ची गरज भागल्यासारखी वाटते. पण सॉफ्टवेअरमधले आकडे द्विमान पद्धतीचे असतील, तर हे ९६ तेथे ८७.३ दिसतील. नऊ डिस्क घेतल्यास १०१.९ मिळतात, एक हॉट स्पेअर (बिघाड होताच कामाला लागणारी राखीव डिस्क) धरून दहा डिस्कची मागणी नोंदवावी. एकूण ४, २४ वा १०० टेराबाइटच्या साठवणुकीला सारखीच पंधरा टक्क्यांची सूचना लावण्यापेक्षा उरलेले दिवस मोजणे अधिक उपयोगी ठरते: मोकळी जागा भागिले गेल्या काही आठवड्यांतील निव्वळ वाढ. मंजुरीपासून डिस्क बसेपर्यंत तुमच्याकडे जितका काळ जातो, त्याच्या दुप्पट दिवस उरले असतानाच सूचना यायला हवी.

आणि ती सूचना कोणाला तरी खरोखर मिळते का, हेही तपासावे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर-कोड साठवणाऱ्या सेवेच्या मुख्य डेटाबेसमधील डेटा चुकून पुसला गेला, तेव्हा नियमित डेटाबेस बॅकअप आधीपासूनच अयशस्वी होत असल्याचे लक्षात आले. कारण जागेचे नव्हते, साधनाच्या आवृत्तीतील विसंगतीचे होते. परंतु अपयशाचे ईमेल डीमार्क (पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या) पडताळणीत नाकारले जात असल्याने कोणापर्यंत पोहोचलेच नव्हते.

खरेदी शक्य नसेल तर

तेव्हा कपातीचा क्रम ठरवावा लागतो. दुहेरी डंप, मालक नसलेल्या प्रती, पेजफाइल (मेमरी अपुरी पडल्यावर विंडोज वापरते ती फाइल) आणि तात्पुरत्या फाइल यांनी सुरुवात करावी, कारण त्यांत गमावण्यासारखे काही नसते. त्यानंतर चाचणी आणि विकास सर्व्हरचे रिटेन्शन कमी करावे. फुल बॅकअपमधील अंतर वाढवणे तिसऱ्या क्रमांकावर येते. प्रत्यक्ष कामकाजातल्या (प्रॉडक्शन) डेटाचे रिटेन्शन घटवायचे असल्यास तो निर्णय डेटा ज्या विभागाचा आहे त्याच्याकडून लेखी घ्यावा आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीला हात लावू नये.

वेळापत्रक बदलल्यावर परिणाम लगेच दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवणे बरे. साप्ताहिक फुल बंद करून मासिक केला, तरी जुन्या साप्ताहिक साखळ्या आपापल्या मुदतीपर्यंत डिस्कवर राहतात. आपल्या उदाहरणात त्या निघून जायला एक महिन्याहून थोडा अधिक काळ लागेल. तोवर रोजच्या इन्क्रिमेंटलला पुरेल इतकी, म्हणजे सुमारे ८ टेराबाइट, जागा आधी मोकळी करून मगच हा बदल लागू करावा.